नागपुरात झाडापाखरांची वही ठेवायची तर

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काटोल रोडच्या पळसाचा फोटो येतो. खाली ओळ ठरलेली, "यंदा लवकरच फुलला जी!" पाच-दहा अंगठे उठतात, कोणीतरी ग्लोबल वॉर्मिंगवरचा लेख पुढे ढकलतं, आणि मी आपला विचारतो, "लवकर म्हणजे कधीपेक्षा?" याचं धड उत्तर आजवर मिळालेलं नाही. फार तर, "होळीच्या आधीच फुलला ना, काकाजी!"

आता हे होळीचं बघा. २०२४ साली होळी २४ मार्चला होती, २०२५ साली १३ मार्चला आणि २०२६ साली मार्चच्या पहिल्याच आठवड्यात. समजा एखाद्या पळसाने तिन्ही वर्षी नेमकं १० मार्चला पहिलं फूल उघडलं. पहिली दोन वर्षं तो "होळीच्या आधी" फुलला आणि तिसऱ्या वर्षी "होळी झाली तरी पत्ता नाही" असं आपण म्हणणार. झाड जागचं हललं नाही, होळी हलली. तिथी चंद्राची, ऋतू सूर्याचा. अधूनमधून अधिक मास घालून आपण दोघांचा मेळ बसवतो खरा, पण त्या दरम्यान होळी, पाडवा तीन-तीन आठवडे मागेपुढे होतात. केरळात विषूला बहाव्याची फुलं लागतात आणि तो सण सौर पंचांगाचा, दर वर्षी एप्रिलच्या मध्यावर. तिथला माणूस "विषूच्या आधीच फुलं झडली" अशी तक्रार करतो तेव्हा तिच्यात काही दम असतो. आपल्या होळीच्या हिशेबात तो नसतो.

म्हणून झाड कधी फुललं, पाखरू कधी आलं हे टिपायची वही ठेवणार असाल, तर तिच्यात तारीख घालायची ती इंग्रजी कॅलेंडरची. हौस असेल तर बाजूला नक्षत्र लिहा. ते चालतं, कारण पावसाची नक्षत्रं सूर्यावरून ठरतात. रोहिणी २५ मेच्या आगेमागे आणि मृग ७-८ जूनला लागतं, त्यामुळे आपला नवतपाही, म्हणजे रोहिणी लागल्यापासूनचे ते नऊ तापते दिवस, जागचा हलत नाही. तिथीला मात्र या कामात जागा नाही.

"नाही" लिहायला शिका

मी पाटबंधारे खात्यात होतो आणि बरीच वर्षं पर्जन्यमापकाचं रजिस्टर माझ्याकडे होतं. सकाळी साडेआठला मापक वाचायचा, आकडा मिलिमीटरमध्ये लिहायचा आणि पाऊस नसला तरी जाऊन वाचायचा. मे महिन्यात आभाळ ठणठणीत कोरडं असतानाही रजिस्टरात ०.० पडलं पाहिजे. नवीन लागलेली पोरं वैतागायची, "साहेब, थेंब नाही पडला, वाचू काय?" त्यांना सांगावं लागे की रिकाम्या चौकटीचे दोन अर्थ होतात, पाऊस नव्हता किंवा वाचणारा आला नव्हता. ०.० चा अर्थ एकच.

झाडांच्या वहीचा सगळा जीव या शून्यात आहे. "२० फेब्रुवारी, पळस फुलला" ही नोंद एकटी असेल तर तिची किंमत फोटोएवढीच. तिच्याआधी "१३ फेब्रुवारी, कळ्या भरपूर, उघडलेलं फूल नाही" अशी ओळ असेल तर मात्र पक्कं कळतं की फूल त्या सात दिवसांत उघडलं. ती ओळ नसेल तर ते तीन आठवड्यांपूर्वीही उघडलं असेल, तुम्ही त्या रस्त्याने गेला नसाल इतकंच.

वही बंद पडते तीसुद्धा इथेच. "लिहायला काही नव्हतं" म्हणून माणूस दोन आठवडे सोडतो, मग महिना, मग वही रद्दीत. मी रोज ज्या बागेत फिरतो तिथल्या चौकीदाराने एकदा विचारलं, "काय पाहून राहिले जी काका, रोज रोज?" म्हटलं, फुलं. "फुलं तं नाहीत." म्हटलं, तेच लिहून राहिलो. त्याने मान हलवली आणि बिडी पेटवली. आता तोच सांगतो, "काका, अजून नाही."

बाहेर काय दिसलं आणि इथे ते जसंच्या तसं का लागू नाही

जपानात क्योटोच्या चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासून जुळवता आल्या आहेत, त्याही दरबारी रोजनिशा आणि फुलं पाहण्याच्या समारंभांच्या नोंदींतून. २०२१ साली पूर्ण बहर २६ मार्चला आला आणि त्या बाराशे वर्षांच्या यादीतली ती तोवरची सर्वांत लवकरची तारीख ठरली. इंग्लंडात रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ मध्ये वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली आणि त्याच्या घराण्याने ती वही १९५८ पर्यंत चालवली. कोणी शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, घरची रीत म्हणून! युरोपभरच्या अशा नोंदी एकत्र केल्या तेव्हा १९७१ ते २००० या काळात पालवी आणि फुलोरा दर दशकाला सुमारे अडीच दिवस अलीकडे सरकलेला दिसला.

अडीच दिवस ऐकून हसू येतं. पण सगळे सारखेच सरकत नाहीत, त्रास तिथे आहे. पाइड फ्लायकॅचर हा चिमणीएवढा पक्षी पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढून नेदरलँड्सला पिलं वाढवायला येतो. आफ्रिकेतून निघायची वेळ तो दिवसाच्या लांबीवरून ठरवतो आणि दिवसाच्या लांबीवर तापमानवाढीचा काही परिणाम नाही. इकडे ओकची पालवी उष्णतेवर चालते, आणि पालवीवरच्या अळ्याही. झाड अलीकडे सरकलं, अळ्या सरकल्या, पक्षी जुन्याच वेळेला पोचला. पिलांनी चोच उघडली तेव्हा अळ्यांचा भर ओसरला होता. जिथे अळ्या सर्वांत लवकर येत होत्या त्या जंगलांत या पक्ष्याची संख्या साधारण दोन दशकांत ९० टक्क्यांपर्यंत घटली. एकाच्या घड्याळात ऊन, दुसऱ्याच्या घड्याळात उजेड, आणि दोघांचं जेवण एकाच वेळी ठरलेलं.

हे वाचून बरेच जण नागपुरातही सगळं "लवकर" होणार असं धरून चालतात. तसं धरू नका. तिकडे झाड थंडी संपण्याची वाट पाहतं. आपल्याकडे थंडी नावालाच असते (२९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर आला होता, पण ती चैन रोजची नाही), आणि ऊन तर एवढं की २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदलं गेलं. उष्णतेची टंचाई इथल्या झाडाला कधीच नसते. टंचाई पाण्याची असते.

विदर्भातल्या पानगळीच्या झाडांचा हिशेब असा चालतो. पाऊस जातो, जमिनीतली ओल उतरत जाते, जानेवारी-फेब्रुवारीत झाड पानं टाकतं. पानं गेली की पाणी उडून जाण्याची वाट बंद होते. खोल मुळांनी आणलेलं थोडंसं पाणी खोडात, फांद्यांत साठतं आणि त्या जोरावर, आभाळातून थेंब न येता, उघड्या फांदीवर कळ्या फुटतात. पळस, काटेसावर, पांगारा यांची फुलं नागव्या फांद्यांवर दिसतात ती यामुळे. पुढे भर उन्हात, पावसाच्या कितीतरी आधी, कुसुमला लाल आणि करंजाला कोवळी हिरवी पालवी फुटते. यातली काही झाडं दिवस मोठा होत चालल्याची खूणही ओळखतात. नागपूर २१ अक्षांशावर आहे, इथे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात अडीच तासांचा फरक पडतो आणि झाडाला तो पुरतो.

म्हणजे इथे पाऊस परत जायला उशीर झाला तर ओल जास्त दिवस टिकेल, पानगळ लांबेल आणि एखादं झाड उशिराही फुलू शकेल. हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा वायव्य भारतातून परतीला लागण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. त्यात फेब्रुवारी-मार्चमधला अवकाळी आणि गारपीट. एक जोराचा सडाका आला की कळ्या झडतात किंवा भलत्याच वेळी पालवी फुटते. तेव्हा वहीत "लवकर" शोधत बसू नका. जे दिसेल ते लिहा, लवकर-उशीर नंतर ठरेल.

कोणती झाडं धरायची

रोजच्या वाटेवरची. हे सोडून दुसरा कुठलाही निकष लावलात की वही दोन महिन्यांत बंद. गोरेवाड्याचं जंगल सुंदर आहे, पण तुम्ही दर आठवड्याला तिथे जाणार नाही. दूध आणायला, नातवाला शाळेत सोडायला, अंबाझरीला किंवा सेमिनरी हिल्सवर फिरायला ज्या रस्त्याने जाता त्यावरची सहा-आठ झाडं पुरतात. एका जातीची निदान दोन घ्या. एक तोडलं गेलं किंवा त्याच्याभोवती सिमेंट रोड आला तर दुसरं राहील.

झाड निवडताना त्याच्या बुडाशी जरा उभं राहून बघा. लॉनला रोज पाणी सुटत असेल तर ते झाड नको, त्याला कोरडा ऋतू माहीतच नाही. शेजारी नळ गळत असेल, नाली असेल, तरी नको. रात्री फांदीला खेटून पथदिवा जळत असेल तर तेही टाळा, कारण उजेडातल्या फांदीची पानं बऱ्याचदा उशिरा गळतात. दर उन्हाळ्यात तारांखाली छाटलं जाणारं झाडही कामाचं नाही. शहरात असं निष्कलंक झाड मिळणं कठीण आहे, कबूल. मिळालं नाही तर आहे ते घ्या, पण वहीच्या पहिल्या पानावर झाडाची ही कुंडली लिहून ठेवा. आणि पुढे काही बदललं, रस्ता खोदला, बोअर मारली, शेजारी इमारत उठली, तर तीही तारखेनिशी लिहा.

जातींबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पळस हवाच. कळी काळसर मखमली, फूल केशरी, त्यामुळे खालूनही गोंधळ होत नाही. काटेसावर हवी, तिचं फूल मोठं आणि पुढे एप्रिल-मेमध्ये बोंडं फुटून कापूस उडतो ती दुसरी तारीख फुकटात मिळते. कडुनिंब सोपा आहे. डोळे मिटून गेलात तरी मार्च-एप्रिलच्या रात्री वास कळतो, आणि जून-जुलैत निंबोळ्या पायाखाली येतात. बहावा घ्या, पण त्याच्या शेंगांनी फसू नका. शेंग पिकायला जवळपास वर्ष घेते आणि काळ्या शेंगा नव्या फुलांच्या शेजारी लटकत राहतात. बहावा पावसाळा संपताना पुन्हा थोडा फुलतो. ती नोंद "ही खरी नव्हे" म्हणून गाळू नका.

आंबा घेतलात तर गावरानी घ्या आणि एका वर्षाआड मोहोर कमी येतो हे धरून चला. कमी मोहोर दिसला की लगेच हवामानाला दोष देऊ नका. वड, पिंपळ, उंबर सुरुवातीला नको. उंबराच्या जातीची झाडं आपापल्या वेळेने फळतात. त्यांच्या फळात राहणाऱ्या इवल्या माश्यांना वर्षभर कुठे ना कुठे फळ लागतं, म्हणून शेजारची दोन झाडंही एका सुरात नसतात. नवख्याला यातून फक्त डोकेदुखी मिळते.

मोहाची गोष्ट वेगळी. शहरात तो क्वचित, पण रामटेककडे, पेंचच्या बाजूला तुमचं जाणं-येणं असेल तर एक मोह जरूर धरा. त्याची फुलं रात्री-पहाटे टपकतात. दहा वाजता वर पाहून काही कळत नाही, खाली पाहावं लागतं. तिथे नोंद करायची ती पहिल्या पडलेल्या फुलाची. आणि खरी माहिती हवी असेल तर फुलं वेचायला आलेल्या बाईंना विचारा. ढगाळ हवेने, अवकाळीने किती फूल बुडालं, गारा कोणत्या दिवशी पडल्या, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, कारण त्यांचं वर्षाचं मीठ-मिरची त्यावर चालतं. नुसतं विचारू नका, त्यांचं सांगणं त्यांच्या नावाने नाही तरी "वेचणाऱ्यांनी सांगितलं" असं वेगळं लिहा. डोळ्यांनी पाहिलेलं आणि ऐकलेलं वहीत मिसळायचं नाही.

ओळ कशी लिहायची

आठवड्याचा एक वार ठरवा. माझा रविवार नाही, कारण रविवारी पाहुणे येतात. प्रत्येक झाडासमोर पानं, फुलं, फळं हे तीन रकाने, आणि प्रत्येकात काही नाही, थोडं किंवा भरपूर एवढंच. झाडाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी असेल ते थोडं, त्यावर गेलं की भरपूर. पानांत कोवळी, जून आणि वाळलेली वेगळी करा. फुलांत कळी आणि उघडलेलं फूल वेगळं, फळांत कच्चं आणि पिकलेलं वेगळं. टक्केवारीच्या भानगडीत पडू नका. तुमचे चाळीस टक्के आणि माझे चाळीस टक्के कधीच जुळणार नाहीत, "थोडं" मात्र बहुतेक जुळतं.

साधारण अशी ओळ होते: "पळस २, नाल्याकडचा. पानं वाळलेली थोडी, कोवळी नाही. कळ्या भरपूर, फूल नाही, शेंग नाही. सकाळी ७." एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं. फुलाची व्याख्या आधी ठरवून पहिल्या पानावर लिहा. पळसासाठी "जमिनीवरून मोबाइलच्या झूममध्ये निदान तीन उघडी फुलं" ही मी धरलेली व्याख्या आहे, तुमची वेगळी असली तरी चालेल. मात्र ती दर वर्षी तीच राहू द्या. खाली पडलेल्या पाकळ्यांवरून अंदाज बांधू नका. राघू आणि खारी कळ्या तोडून टाकतात, वाऱ्याने शेजारच्या झाडाचं फूल येतं. महिन्यातून एकदा त्याच जागी उभं राहून फोटो घ्या. पुढे वाद झाला तर तोच कामी येतो.

पहिल्या फुलाच्या तारखेचं लोकांना भारी कौतुक असतं, पण मला तिच्यापेक्षा अर्धं झाड फुलल्याची तारीख जास्त विश्वासाची वाटते. पहिलं फूल एखादी वेडी फांदीही काढते. शिवाय यंदा दोन पळस पाहिले आणि पुढच्या वर्षी वीस, तर पहिलं फूल आपोआप लवकर सापडणार. झाडांनी काही केलं नाही, शोधणारे वाढले. म्हणून यादीत झाडं वाढवलीत तरी तुलना जुन्या झाडांचीच करायची.

वर्ष संपलं की तारखांचे दिवस-क्रमांक करा. १ जानेवारीला १, १ फेब्रुवारीला ३२, १ मार्चला ६०. लीप वर्षात, म्हणजे २०२४ किंवा २०२८ साली, १ मार्चला ६१. हे विसरलात तर फुकटचा एक दिवस घुसतो.

पाखरं आणि किडे

पक्षी दिसण्यापेक्षा ऐकू येतो, म्हणून सुरुवात कानाने करा. कोकीळ नागपुरात बाराही महिने असतो, हिवाळ्यात गप्प असतो इतकंच. त्याची नोंद "आला" अशी नाही, "पहिली हाक" अशी. पावशा उन्हाळा तापला की "पेरते व्हा" सुरू करतो आणि भर मध्यरात्रीही ओरडतो. नवरंग मेच्या अखेरीस, जूनच्या सुरुवातीला आसपासच्या झाडीत पोचतो आणि सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो. दिसायला तो महाकठीण, ऐकायला सोपा. चातक आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. पहिला चातक आणि पहिला जोराचा पाऊस यांच्या तारखा एकाच पानावर ठेवा. थंडीच्या पाहुण्यांत धोबी सोपा, सप्टेंबर-ऑक्टोबरात अंबाझरी किंवा फुटाळ्याच्या काठावर शेपटी हलवताना सापडतो.

पक्ष्यांच्या बाबतीत शून्य लिहिणं आणखी महत्त्वाचं. "आज फुटाळ्याला वीस मिनिटं उभा होतो, धोबी नाही." किती वेळ थांबलात ते लिहिल्याशिवाय "नाही" पूर्ण होत नाही. जाण्याची तारीख येण्यापेक्षा अवघड असते, कारण शेवटचा पक्षी शेवटचा होता हे नंतर कळतं. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये दर फेरीला "आहे" लिहीत राहा. जिथे ती ओळ थांबेल तीच तारीख.

मृगाचा लाल मखमली किडा पहिल्या पावसानंतर मोकळ्या जमिनीवर निघतो. लहान मुलांना हे काम द्या, ती मोठ्यांच्या आधी शोधतात. सिमेंटचा ब्लॉक घातलेल्या अंगणात तो येणार नाही, तेव्हा जागाही लिहा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी कारण सांगू नये. गॅलरीतल्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर लिंबू फुलपाखरू अंडी घालतं. अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेगत काळी-पांढरी असते, मग हिरवी होते. कोवळी पानं कधी फुटली आणि अंडं कधी दिसलं या दोन तारखा शेजारी लिहा. नेदरलँड्सच्या ओक आणि अळीचा जो प्रश्न आहे तोच इथे एका कुंडीत तपासता येतो. बहाव्याच्या कोवळ्या पानांवरही पिवळट पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. बहावा तुमच्या यादीत असेल तर पानं उलटून पाहत चला.

संत्र्याला साक्षीदार करू नका

काटोल, नरखेड, कळमेश्वरकडे ज्यांच्या बागा आहेत ते हमखास म्हणतात, आमच्याकडे आंबियाचा बहर जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो, मृगाचा जून-जुलैत, ते लिहितो की! लिहा, पण नीट. संत्र्याचा बहर ऋतू एकटा ठरवत नाही, माणूस ठरवतो. पाणी तोडून ताण दिला, मग पाणी सोडलं, की फुटवा आला. त्या तारखेतून तुमच्या पंपाचं वेळापत्रक कळतं, हवामान नाही. ताण कधी सुरू केला, पाणी कधी सोडलं, त्यानंतर किती दिवसांनी फूल दिसलं, हे तिन्ही लिहिलंत तर मात्र उपयोग आहे. ताण चालू असताना मध्येच अवकाळी आला तर ताण तुटतो आणि बहर अर्धवट, मागेपुढे फुटतो. मृग बहाराचं पाणी पावसावरच असतं. मेचा ताण बसला आणि जूनमध्ये पाऊस लांबला की फूल कमी. आंबियाच्या फळगळीच्या तारखाही धरा. बांधावर पळस किंवा बाभूळ असेल तर तिचीही नोंद करा. तिला कोणी ताण देत नाही, म्हणून ऋतूची गोष्ट ती सांगते आणि बागेची गोष्ट संत्रा.

हवामानाचा रकाना

घरी पर्जन्यमापक असेल तर उत्तम, साडेआठला वाचा. नसेल तर निदान "पाऊस, जोराचा, रात्री" एवढं लिहा आणि आकडा हवामान खात्याच्या सोनेगावच्या वेधशाळेचा घ्या. मोबाइलमधलं तापमान लिहू नका, ते बहुतेक वेळा अंदाज असतं. मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि नंतर तो संवेदकातला बिघाड निघाला. एखादा आकडा फारच रंगतदार असेल तर दोन दिवस थांबून लिहा.

वही कधी बोलायला लागते

पहिल्या वर्षी काहीच बोलत नाही. दुसऱ्या वर्षी फरक दिसेल आणि तुम्हाला तो ग्रुपवर टाकावासा वाटेल. टाकू नका. २०२३-२४ सारखं एल निन्योचं वर्ष एकट्याने सगळं मागेपुढे करू शकतं आणि हवामान म्हणून जी सरासरी काढतात ती तीस वर्षांची असते. तीस वर्षं ऐकून घाबरायचं कारण नाही. तुमची सहा झाडं आणि दुसऱ्या कोणाची सहा एकत्र आली की काम पुढे सरकतं. सीझनवॉच नावाचा उपक्रम देशभर हेच करतो, दर आठवड्याला त्याच झाडाची नोंद ॲपवर घेतो, आणि त्यात केरळच्या शाळांनी मोठा वाटा उचलला आहे. पक्ष्यांसाठी ईबर्ड आहे. आपल्या भागातून तिथे जेवढ्या जास्त नोंदी जातील तेवढं बरं. ॲपवर टाका, पण कागदाची वहीही ठेवा. ॲप बदलतात, पासवर्ड हरवतात.

पाच-सहा वर्षांनी बघायचं ते तारखांच्या जोड्यांकडे. पळस फुलल्यापासून त्यावर पहिला शिंजीर (फुलांतला रस पिणारा चिमुकला पक्षी) दिसेपर्यंत किती दिवस गेले, पालवी आणि अळी यांत अंतर वाढतंय का, चातक आणि पाऊस जवळ येताहेत की लांब जाताहेत. एकट्या पळसाची तारीख सरकली तर ती बातमी. जोडीतलं अंतर सरकलं तर कोणाच्या तरी पोटाचा प्रश्न.

सुरुवातीला गुढीपाडव्याचा मुहूर्त शोधू नका, येत्या आठवड्यातला कोणताही वार चालेल. शंभर पानी साधी वही घ्या आणि पेन्सिलने लिहा, जुलैच्या पावसात शाई पसरते. प्रत्येक झाडाचा पत्ता असा लिहा की परक्या माणसालाही ते सापडेल, "पाण्याच्या टाकीच्या फाटकापासून डावीकडचं तिसरं, बुंध्याला गाठ." ३१ डिसेंबरला सगळ्या पानांचे फोटो काढून दोघांना पाठवा. त्यांतला एक तुमच्याच मोहल्ल्यातला असू द्या, म्हणजे तुम्ही लग्नाला चार दिवस अमरावतीला गेलात तर त्या आठवड्याचं "नाही" त्याला लिहिता येईल.